निळ्या छापाचा जुना डिर्न्डल: तीन वर्षं वापरल्यावर

डिर्न्डल, म्हणजे चोळी, घेर आणि एप्रन असा इथल्या बायकांचा पारंपरिक पोशाख, घेताना तो आधी उलटा करून बघा. आरशासमोर अंगाला लावून बघणं नंतर. मी पहिल्यांदा नेमकं उलट केलं.

म्युनिकला आल्यावर पहिल्याच सप्टेंबरात मी ५९ युरोंचा संच घेतला. पोशाख, ब्लाउज आणि एप्रन, सगळं एकत्र. कापड पॉलिएस्टरचं, पाठीला बारीक चेन. ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे बिअरच्या मोठ्या जत्रेला, इथल्या भाषेत ‘वीझ्न’ला, तंबूतल्या बाकावर बसता बसता ती चेन कमरेपाशी उसवली. दुरुस्तीला नेला तर आत जेमतेम अर्धा सेंटिमीटर माया. शिवणारी बाई म्हणाली, धरायलाच काही नाही. तो पोशाख तिथेच संपला.

हे परीक्षण दुसऱ्या डिर्न्डलचं आहे. तो सेंडलिंग भागातल्या जुन्या कपड्यांच्या एका लहानशा दुकानातून ८५ युरोंना घेतला. दुकानदार आजींनी तो हँगरवरून काढला आणि काही न बोलता उलटा करून टेबलावर पसरला. चोळीच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत तीन-तीन सेंटिमीटर माया, कच्च्या दोऱ्याने हाताने बसवलेली. आत जाड सुती अस्तर. घेराच्या आतल्या कडेला ब्रशसारखी केसाळ फीत, म्हणजे जमिनीला घासली तर ती झिजेल, कापड नाही. कमरेच्या चुण्या यंत्राने घातलेल्या नव्हत्या. एकाखाली एक दोरे ओढून त्या जमवल्या होत्या, म्हणून घेर कमरेवर फुगत नाही, सरळ खाली पडतो. माप ३८ चं होतं, मला ४० लागतं. बाजू सोडायचे २५ युरो झाले आणि आठवड्याने तो अंगात व्यवस्थित बसला. गळ्याच्या कडेची चुणीदार पट्टीही हातानेच केलेली आहे. तिला इथे ‘फ्रोश्गोशर्ल’ म्हणतात, म्हणजे बेडकाचं तोंड. नीट बघितलं की नाव पटतं.

कापड मात्र सगळ्यात देखणं. हे ‘ब्लाउड्रुक’, म्हणजे निळा छाप, आहे. पांढऱ्या सुती कापडावर लाकडी ठशाने एक लेप छापतात, मग कापड निळीच्या हौदात बुडवतात. लेप असेल तिथे नीळ चढत नाही. हौदातून वर काढलेलं कापड हिरवट दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. शेवटी लेप धुऊन काढला की निळ्यावर पांढरी नक्षी उरते. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी यांच्या या कलेची युनेस्कोने २०१८ मध्ये नोंद घेतली. छापखाने आता मोजकेच उरलेत, म्हणून जुन्या दुकानात असं कापड दिसलं तर सोडू नका.

आजींनीच मला वालाख बंधूंबद्दल सांगितलं. डिर्न्डल मुळात आल्प्सकडच्या मोलकरणींचा कामाचा पोशाख. शहरात त्याला मान मिळवून देण्यात युलिउस आणि मोरित्स वालाख या म्युनिकच्या ज्यू भावांचा मोठा वाटा. त्यांचं दुकान १९०० मध्ये सुरू झालं. १९१० मध्ये वीझ्नला शंभर वर्षं झाली तेव्हाच्या मिरवणुकीचे पोशाख त्यांनी पुरवले. १९३८ मध्ये नाझी राजवटीत दुकान त्यांच्या हातून गेलं, आणि त्यांचा भाऊ माक्स आउश्वित्सच्या छळछावणीत मारला गेला. हे ऐकल्यापासून माझ्या लेखी या पोशाखाचं वजन वाढलंय. घालणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वापर भरपूर झाला. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला गावात निळा-पांढरा माइबाउम, म्हणजे मे महिन्याचा सजवलेला उंच खांब, उभारताना, ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी किर्शवाइला, म्हणजे चर्चच्या वार्षिक उत्सवाला, आणि वीझ्नच्या पहिल्या रविवारची मिरवणूक बघायला माक्सिमिलियानश्ट्रासच्या कडेला तीन तास उभी राहून. त्या मिरवणुकीत सुमारे नऊ हजार माणसं सात किलोमीटर चालतात. तिथे एक फरक कळतो. मीसबाखसारख्या भागातल्या बायकांची ‘ट्राख्ट’, म्हणजे त्या त्या भागाचा ठरलेला पोशाख, वेगळी. टोपीपासून बुटांपर्यंत सगळं तिथल्या पोशाख-मंडळाच्या नियमाने ठरलेलं, ते कुणीही उचलून घालायचं नाही. डिर्न्डलला तसलं बंधन नाही, म्हणून मी तो निःसंकोच घालते.

एप्रनच्या गाठीचं विचारतात सगळे. उजवीकडे गाठ म्हणजे बाई कुणाची तरी झालेली, डावीकडे म्हणजे एकटी, आणि मागे गाठ विधवा किंवा वाढपी बायका बांधतात. मी उजवीकडे बांधते. एप्रनखाली बाजूच्या शिवणीत एक खिसा लपलेला आहे, त्यात फोन आणि किल्ल्या आरामात मावतात.

दोष दोन. एक, डांबरगोळ्यांचा वास जायला बाल्कनीत तीन आठवडे लागले. दुसरा जास्त त्रासाचा: नीळ अजून सुटते. पहिल्या पावसात पांढऱ्या एप्रनची वरची पट्टी निळसर झाली ती झालीच. आता थंड पाण्यात, वेगळा, हाताने धुते आणि सावलीत वाळत घालते. एप्रन गडद रंगाचा घेतलाय. ब्लाउज सोबत मिळत नाही, ३० युरो वेगळे धरा, आणि सुतीच घ्या, कारण तंबूत घाम फार येतो.