गोठ्यात एक, गॅलरीत दुसरी: नाताळच्या माळांची पारख

मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात माळ मागितली की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “किती दिव्यांची?” तिथेच निवड चुकते. 100 दिवे की 200, हे नंतरचं. माळ हाताला लागेल अशा जागी लावायची की उंचावर, ते आधी ठरवा आणि त्याप्रमाणे अॅडॅप्टरची घ्यायची की थेट प्लगची, ते ठरू द्या.

सगळ्यात जास्त खपते ती थेट 230 व्होल्टवर चालणारी राइस माळ. शंभर-दीडशे रुपयांत मिळते, बारा-पंधरा मीटर लांब असते आणि जेमतेम पाच वॅट वीज घेते. प्रत्येक एलईडीला तीनेक व्होल्टच लागतात, म्हणून पन्नासेक दिवे एकामागोमाग सिरीजमध्ये जोडून विजेचा दाब त्यांच्यात वाटलेला असतो. दिवा तीन व्होल्टचा असला तरी त्याच्या पायाशी घरातला पूर्ण दाब येऊ शकतो, हे लक्षात राहत नाही. कंट्रोलरचं बटण दाबून माळ विझवली तरी तार जिवंत राहू शकते, कारण दोन पिनांचा प्लग कसाही उलटसुलट बसतो. गॅलरीच्या वरच्या पट्टीला, खिडकीच्या वरच्या चौकटीला ही माळ उत्तम. ख्रिसमस ट्रीवर आणि गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, मात्र नकोच. गोठ्यात पेंढा असतो, काथ्या असतो, ओलं शेवाळ असतं आणि मूर्ती सरकवायला मुलांचे हात सतत आत जात असतात.

घेताना दुकानातच ती पेटवून बघा. पेटलेली माळ हातात धरून आडवी हलवा. प्रकाशाची अखंड रेघ दिसली तर ठीक. तुटक ठिपके दिसले तर आत एकच डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा भाग) आहे आणि दिवे सेकंदाला 50 वेळा उघडझाप करतायत. बाहेर लावायला ते चालेल, पण बसायच्या खोलीत तासाभरात डोळ्यांना त्रास व्हायला लागतो. मग तार दिव्याच्या सॉकेटमध्ये जिथे शिरते तिथे हलकेच ओढा. तार सरकली किंवा आतला चकचकीत धागा दिसला, तर ती माळ परत द्या. टोकाला थोडं आवरण सोलून चुंबक लावून पाहिलंत तर आणखी बरं. चिकटला, म्हणजे वरवर तांबं आणि आत लोखंड. वसई, उत्तन किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर अशी तार एका मोसमात गंजते. खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो तोही बघा, सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या माळांवर तो बहुधा सापडत नाही.

हिरव्या किंवा पारदर्शक डबीतल्या आठ फंक्शनच्या कंट्रोलरबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. स्वस्त डबीला आठवण नसते. तुम्ही स्थिर प्रकाशावर ठेवली आणि वीज गेली किंवा टायमरने बंद केली, की पुढच्या वेळी ती पहिल्या फंक्शनवर येऊन धडाधड उघडझाप करते. रोज संध्याकाळी खुर्चीवर चढून बटण सात वेळा दाबायचं नसेल तर “बिना कंट्रोलर, स्टेडी द्या” असं सांगा. किंवा ‘मेमरी’वाली मागा आणि दुकानातच प्लग काढून, परत लावून खात्री करा.

झाडासाठी आमची पसंती अॅडॅप्टरवर चालणाऱ्या माळेला, 12, 24 किंवा 31 व्होल्टच्या. दुप्पट-तिप्पट पैसे जातात, पण फांदीवर तार घासली तरी झटका बसत नाही. फुटाला 50 दिवे धरले तर सहा फुटी झाडाला 300 दिवे पुरतात. फुटाला 100 लावले तर झाड गच्च भरतं आणि गोळे-घंटा दिसेनाशा होतात. सुरुवात खालून, प्लगच्या बाजूने करा, नाहीतर शेंड्याला पोचल्यावर हातात पिन उरते आणि सॉकेट खाली. माळ झाडाभोवती नुसती गुंडाळू नका. फांदीवरून खोडापासून टोकापर्यंत न्या, परत आत आणा, मग पुढची फांदी घ्या. आतले दिवे दिसले की प्लास्टिकचं झाडही भरीव वाटतं. रंग वॉर्म व्हाइट, म्हणजे 2700 ते 3000 केल्विन. 6500 केल्विनच्या पांढऱ्यात हिरवं झाड औषधाच्या दुकानासारखं दिसतं.

गोठ्यासाठी केसासारख्या तांब्याच्या तारेची यूएसबी माळ घ्या. पाच व्होल्टची असते, मोबाइलच्या साध्या चार्जरवर चालते आणि पेंढ्यात तार दिसतही नाही. तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो, तोच तिचं इन्सुलेशन. खिळ्याला किंवा पत्र्याच्या कडेला घासून तो निघाला आणि दोन तारा टेकल्या की शॉर्ट होऊन माळ विझते. म्हणून खिळे नकोत, दोऱ्याने बांधा. दहा मीटरच्या माळेत शेवटचे दिवे पहिल्यांपेक्षा मंद दिसतात, तो दोष नव्हे, बारीक तारेत व्होल्टेज पडतं. गोठ्याला पाच मीटरची पुरते, बाळ येशूच्या गव्हाणीजवळ तिचं प्लगकडचं टोक ठेवा. बटण सेलवाली माळ लहान मुलांच्या घरात आणूच नका. सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजून निघते.

पडद्यासारखी ‘12 स्टार, 138 एलईडी’ माळ फोटोत झकास दिसते. खिडकी अडीच मीटर रुंद असेल तर प्रत्यक्षातही. खिडकी अरुंद असली की चांदण्या एकमेकींवर चढतात.

बाहेरच्या चांदणीत मात्र माळ घालू नका, बल्ब लावा. बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाच्या चांदणीत 60 वॅटचा पिवळा बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण. 7 किंवा 9 वॅटचा वॉर्म एलईडी पुरतो. चांदणीचं वजन वायरवर येऊ देऊ नका, नायलॉनच्या दोरीला टांगा आणि वायर सैल सोडा. होल्डरच्या आधी वायरला खाली झोल द्या, म्हणजे पहाटेचं दव झोलावरूनच ठिबकेल, होल्डरमध्ये शिरणार नाही. रात्री दोन-तीनला घरातला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) उडत असेल तर आधी बाहेरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर संशय घ्या. तो जमिनीवर ठेवू नका, छपराखाली उभा टांगा. बाहेरच्या माळेवर पाण्या-धुळीपासून संरक्षण सांगणारा आयपी आकडा किमान 44 हवा आणि उघड्या गच्चीवर 65.

अर्धी माळ विझली तर ती टाकू नका. सिरीजमधला एक एलईडी गेला की तो अख्खा टप्पा जातो. बहुधा दिवा जळालेला नसतो, सॉकेटमध्ये दुमडलेला त्याचा पाय गंजून तुटलेला असतो. प्लग काढून एकेक दिवा उपसून बघा. नवा बसवल्यावर टप्पा पेटला नाही तर तो उलटा फिरवून बसवा, एलईडी एकाच दिशेने चालतो. दिवा काढून तिथे तारा पिळून जोडायचा शॉर्टकट नको, त्याच्या वाटचं व्होल्टेज बाकीच्यांवर पडतं आणि पुढचे दिवे लवकर जातात.

बिलाची धास्ती बाळगू नका. पाच वॅटच्या दहा माळा रोज सहा तास जळल्या तर 0.3 युनिट होतं. 16 डिसेंबरपासून 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत धरा, सात युनिटही होत नाहीत.

उतरवल्यावर माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा आणि प्रत्येकीचा अॅडॅप्टर तिच्यासोबतच बांधा. त्यावर चिकटपट्टी लावून ‘झाड, 31 व्होल्ट’ असं लिहा. गोल पिनचे सगळे अॅडॅप्टर एकसारखे दिसतात, आणि बारा व्होल्टची माळ एकतीसच्या अॅडॅप्टरला लावली तर ती एकदा लख्ख पेटते आणि कायमची विझते.