लहान कार्यालयासाठी लिब्रेऑफिस: कुठे पुरतं, कुठे एक्सेलच लागतं

नोटिसा, इतिवृत्तं, पत्रव्यवहार आणि साधे हिशोब एवढंच काम असेल, तर लिब्रेऑफिस हा मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरचा संच निर्धास्त वापरा. गृहनिर्माण संस्था किंवा शाळेच्या कार्यालयाने एवढ्यासाठी मायक्रोसॉफ्ट 365 ची वर्गणी दरवर्षी भरायचं कारण नाही.

मराठीसाठी मात्र आधी थोडी जुळवाजुळव हवी. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स इथे जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) खूण करा आणि भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या (लिब्रेऑफिसमधला वर्डसारखा भाग) 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)'मध्ये नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट ठेवा. रायटर इंग्रजी आणि देवनागरीचा फॉन्ट व आकार वेगवेगळा सांभाळतो. स्टाइलमध्ये फक्त 'वेस्टर्न'चा आकार 14 केला, तर मराठी मजकूर 12 वरच राहतो. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलसारख्या भागात, लाख-कोटींचे स्वल्पविराम फार सरळ मिळतात. सेलच्या फॉरमॅटमध्ये #,##,##0 लिहा, 1234567 चे 12,34,567 होतात. एक्सेलमध्ये ते विंडोजच्या रीजन सेटिंगवर ठरतं. अटी घालून लांबलचक फॉरमॅट लिहिता येतो, पण त्यात पाच लाखांची तूट पुन्हा -500,000 अशी दिसते.

खरी अडचण फायलींच्या देवाणघेवाणीत आहे. वर्डच्या कॅलिब्री फॉन्टऐवजी लिब्रेऑफिसमध्ये येणाऱ्या कार्लिटोची अक्षरं तेवढ्याच रुंदीची, त्यामुळे ओळी हलत नाहीत. विंडोजचा मराठी फॉन्ट मंगल मात्र लिनक्सवर नसतो. दुसरा फॉन्ट आला की ओळी सरकतात आणि तक्ता पुढच्या पानावर जातो. म्हणून मूळ फाइल ओडीटी या रायटरच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवा, बाहेर पीडीएफ पाठवा. समोरच्याला बदल करायचे असतील तेव्हाच डॉकएक्स (वर्डची फाइल) द्या.

पॉवर क्वेरी (बाहेरची माहिती आणून साफ करणारं साधन), स्लायसर (बटणांनी माहिती गाळणं) किंवा मोठे व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) रोज लागत असतील, तर एक्सेल सोडू नका. पहिल्या दोन्ही गोष्टी कॅल्कमध्ये नाहीत, मॅक्रो अर्धवट चालतात. तक्त्यातून नोंद शोधून देणारं एक्सलुकअप हे सूत्रही कॅल्कमध्ये 24.8 या आवृत्तीपासूनच आलं. एकाच फायलीवर दोघांनी एका वेळी काम करायचं, तर डेस्कटॉपवरचं रायटर उपयोगाचं नाही.

एक्सेल सोडून लिब्रेऑफिसवर जाण्यापूर्वी सर्वांत गुंतागुंतीच्या एक्सेल फायलीची प्रत कॅल्कमध्ये उघडा. उघडताना सहसा एक्सेलने साठवलेले जुनेच आकडे दिसतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. कंट्रोल-शिफ्ट-एफ9 दाबून सूत्रं नव्याने मोजायला लावा आणि मगच बेरजा ताडून पाहा.