रद्दी नको, पुस्तकं आणा: मॅरिएटाच्या गोदामाबद्दल

अटलांटात मुलांकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांनी दुपारी करायचं काय, हा प्रश्न कायमचाच. मॉलमध्ये फिरून फिरून किती फिरणार आणि मालिका तरी किती बघणार! त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या गराजमध्ये जुन्या पुस्तकांची खोकी साचली आहेत त्या सगळ्यांसाठी, अटलांटाजवळच्या मॅरिएटामधल्या, आफ्रिकेत पुस्तकं पाठवणाऱ्या ‘बुक्स फॉर आफ्रिका’ या संस्थेच्या गोदामाबद्दल लिहिते आहे. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त. त्यामुळे दानात आलेल्या पुस्तकांकडे मी जरा संशयानेच बघते, हे आधीच सांगून ठेवते.

वाचनालयात कुणी “पुस्तकं द्यायची आहेत” म्हणत आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. ‘कै. वडिलांच्या स्मरणार्थ’ म्हणून ट्रंकभर वकिलीची पुस्तकं यायची, निम्मी वाळवीने खाल्लेली. अभ्यासक्रम बदलून गेल्यावर मुलाची दहावीची गाइडं यायची. दिवाळी अंक यायचे, त्यातली पाककृतींची पानं नेमकी कापून घेतलेली. वर अपेक्षा अशी की कपाटावर नावाची पाटी लागावी आणि पेपरात फोटो यावा. नाही म्हणायची सोय नाही, कारण गृहस्थ कार्यकारिणीतल्या कुणाचे तरी व्याही. मग ते सगळं दाखल नोंदवहीत चढवा, शिक्के मारा, आणि पुढे निर्लेखनाच्या, म्हणजे खराब पुस्तकं नोंदीतून काढून टाकायच्या, वेळी तपासणीला आलेल्या साहेबांना उत्तरं द्या.

मॅरिएटाच्या या गोदामात नाही म्हणायची सोय आहे. मला ही संस्था आवडली ती मुख्यतः एवढ्यासाठी.

आत पॅलेटवर छातीपर्यंत उंचीची पुठ्ठ्याची अवाढव्य खोकी मांडलेली असतात. त्यांना इथे गेलॉर्ड म्हणतात. प्रकाशक, शाळा, विद्यापीठं, ग्रंथालयं आणि तुमच्याआमच्यासारखी घरं, अशी सगळीकडून पुस्तकं येऊन पडतात. प्राथमिक, माध्यमिक, कॉलेज, कथा-कादंबऱ्या, संदर्भ, वैद्यकीय अशी वर्गवारी करून ती आपापल्या खोक्यात टाकायची, हे स्वयंसेवकांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक पुस्तकापाशी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो चटकन घ्यावा लागतो, कारण पुढचं खोकं उघडून ठेवलेलंच असतं.

माझी पद्धत सांगते. पुस्तक हातात आलं की आधी नाकाशी. कुबट वास आला की विषय संपला. बुरशी धरलेलं एक पुस्तक बंद कंटेनरमध्ये कित्येक आठवडे समुद्रावर राहिलं तर शेजारच्या दहांना घेऊन बुडतं. मग कण्यावर अंगठा दाबायचा, शिवण सुटली आहे का ते कळतं. मग शीर्षकपानाच्या मागचं पान उघडून साल बघायचं. साधारण पंधरा वर्षांच्या आतलं असलं तर पुढे जायचं. शेवटी पानं भरभर उलटायची, कारण गणिताच्या सुंदर, चकचकीत वहीपुस्तकात अमेरिकेतल्या कुण्या पोराने सगळी उत्तरं पेनाने लिहून ठेवलेली असतात. एवढ्यात बसलं तर ठीक, नाहीतर रद्दीच्या पेटीत. माझी नात हायस्कूलला आहे, तिला शाळेसाठी सेवेचे तास भरायचे असतात म्हणून ती बरोबर येते. ‘विंडोज ९५’ शिकवणारा जाडजूड ठोकळा हातात धरून तिने विचारलं, “आज्जी, हे फेकून द्यायचं? नवंकोरं आहे गं!” खरंच नवंकोरं होतं. कुणी कधी उघडलंच नव्हतं. गेलं रद्दीत.

ही चाळणी महत्त्वाची आहे, कारण ‘गरीब देशात काहीही चालतं’ ही समजूत फार जुनी आहे. इकडे तर पार्किंगच्या कोपऱ्यात पुस्तकदानाच्या पेट्या दिसतात, त्यांतली पुस्तकं पुढे कुठे जातात हे पेटीवरचं सगळं वाचूनही समजत नाही. त्यातल्या एका पेटीचा मी पाठपुरावा करून पाहिला. फोन उचलणाऱ्या बाई गोड बोलल्या, उत्तर दिलं नाही. त्यांचं नाव लिहीत नाही. मॅरिएटाला मात्र ‘हे कुठे जाणार?’ विचारलं की देशाचं नाव मिळतं.

संस्था मूळची मिनेसोटातली, मुख्य कार्यालय सेंट पॉलला. टॉम वॉर्थ नावाचे प्रकाशक होते, त्यांचा धंदा मोटारींवरच्या पुस्तकांचा. १९८८ साली ते युगांडात जिंजा गावी गेले, तिथलं वाचनालय पाहिलं, तर फळ्या जवळजवळ रिकाम्या. जिंजा म्हणजे जिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते ते गाव. गांधीजींच्या रक्षेचा काही भाग १९४८ साली तिथेच विसर्जित केला होता, पुतळाही आहे. वॉर्थ परत आले आणि कामाला लागले. तेव्हापासून आजवर आफ्रिकेतल्या सगळ्या ५५ देशांत मिळून ६ कोटींहून जास्त पुस्तकं गेली आहेत. आमच्या वाचनालयाच्या सगळ्या कपाटांत मिळून जेवढी पुस्तकं होती, त्याहून जास्त इथून एका चाळीस फुटी कंटेनरमध्ये जातात: सुमारे २२,०००.

आता पैशाचं. पुस्तकं फुकट मिळतात, वाहतूक फुकट नसते. संस्था बरीच वर्षं हिशेब सांगत आली तो एका पुस्तकाला साधारण ५० सेंट. म्हणजे कंटेनरमागे ११,००० डॉलर, आणि जहाजाची भाडी वाढली की त्याहून जास्त. हा पैसा कुणीतरी उभा करावा लागतो: रोटरी क्लब, चर्च, किंवा अमेरिकेत स्थिरावलेली घाना-नायजेरियाची माणसं आपल्या गावच्या शाळेसाठी वर्गणी काढतात. मला हा भाग पटला. ज्याने पैसे जमवले तो पुस्तकांची वर्गवारी बघून मागतो, बंदरातून सोडवून घेतो, गावापर्यंत ट्रक लावतो. आमच्याकडे योजनेतून न मागता खोकी यायची, ती कित्येकदा सुतळीसुद्धा न सोडता माळ्यावर जायची. मागून घेतलेल्या पुस्तकाची किंमत वेगळी असते.

सगळ्यात भरघोस काम मला वरच्या इयत्तांचं वाटतं. नर्सिंग, शरीररचना, अभियांत्रिकी, कायदा. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत हे शिक्षण इंग्रजीतूनच होतं आणि एकेका पुस्तकाची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. कायद्याच्या पुस्तकांसाठी संस्थेचा वेगळा उपक्रम आहे, त्याला कायद्याची पुस्तकं काढणाऱ्या टॉमसन रॉयटर्स कंपनीने पुस्तकं दिली आणि संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान त्याचे मानद सहअध्यक्ष होते. अन्नान स्वतः तरुणपणी सेंट पॉलच्याच मॅकॅलेस्टर कॉलेजात शिकले होते. शरीररचनेचा तो रंगीत आकृत्यांचा पाच-सहा पौंडी ग्रंथ खोक्यात ठेवताना मनगट दुखतं, पण हात आखडत नाही.

लहान मुलांच्या पुस्तकांपाशी मात्र माझं आणि या पद्धतीचं जमत नाही. तिथे काम करणाऱ्यांत एक वाद नेहमी निघतो: बर्फाचा माणूस, भोपळे, बेसबॉल असली चित्रं असलेली पुस्तकं पाठवावीत का? मालावीच्या पोराला बर्फ काय कळणार? मला हा आक्षेप अगदीच पोकळ वाटतो. मराठवाड्यात आम्ही बर्फ फक्त गोळेवाल्याकडे पाहिला होता, तरी रशियन गोष्टींतल्या हिमवादळात, घसरगाड्यांत आणि लाकडी झोपड्यांत आमची सुट्टी मजेत जायची. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनात ती पुस्तकं इतकी स्वस्त असायची की वडील नाही म्हणायचे नाहीत. परका देश मुलाला अडवत नाही. पण ती पुस्तकं मराठीत होती! मॉस्कोत छापलेली, तरी मराठीत. अडतं ते इथे. टांझानियाच्या सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालतात, इंग्रजी माध्यम माध्यमिकला सुरू होतं. तिथल्या दुसरीतल्या मुलीला अमेरिकन इंग्रजीतलं चित्रपुस्तक दिलं तर ती चित्रं बघेल आणि मिटून ठेवेल. फ्रेंच बोलणाऱ्या देशांसाठी संस्था फ्रेंच पुस्तकं पाठवते, ते बरं आहे. पण स्वाहिली, अम्हारिक, योरुबातली बालपुस्तकं अमेरिकेतल्या गराजमधून निघणार कुठून? ती तिथल्याच प्रकाशकाने काढायला हवीत, आणि फुकटच्या इंग्रजी पुस्तकांनी शाळांची कपाटं भरली की त्या प्रकाशकाचं गिऱ्हाईक कमी होतं, हा आक्षेप आफ्रिकेतल्या प्रकाशकांकडूनच बरीच वर्षं येतो आहे. त्यात तथ्य आहे असं मला वाटतं. लंडनच्या ‘बुक एड इंटरनॅशनल’ने, १९५४ पासूनची ही संस्था, वेगळा रस्ता धरला आहे: ती प्रकाशकांकडून मिळालेली नवी कोरी पुस्तकंच पाठवते. जुनी पुस्तकं गोळा करण्यापेक्षा ते सुटसुटीत, पण भाषेचा प्रश्न त्यानेही पुरता सुटत नाही.

म्हणून पाचपैकी चार तारे. कॉलेजच्या पुस्तकांना साडेचार दिले असते.

मंडळात हमखास विचारतात, “काकू, भारतात पाठवतात का?” नाही, नावाप्रमाणे फक्त आफ्रिका. पण केंटकीत लेक्सिंग्टनला ‘इंटरनॅशनल बुक प्रोजेक्ट’ आहे, ती संस्था सुरू झाली आपल्याच देशामुळे. हॅरिएट व्हॅन मीटर नावाच्या बाई १९६५ साली भारतात आल्या होत्या. आपल्याकडच्या माणसांची वाचायची भूक पाहून त्यांनी घरी गेल्यावर भारतातल्या एका वर्तमानपत्रात ‘पुस्तकं हवी असतील तर कळवा’ अशा अर्थाची जाहिरात दिली. पत्रांचा ढीग आला. १९६६ मध्ये घराच्या तळघरातून काम सुरू केलं, ते अजून चालू आहे आणि वेगवेगळ्या देशांत पुस्तकं जातात. अटलांटाहून गाडीने साधारण सहा तास. अजून गेले नाही, जावयाला सुट्टी मिळाली की बघू. थोडीच पुस्तकं एखाद्या शाळेला पाठवायची असतील तर अमेरिकन पोस्टाची एम-बॅग विचारा: एकाच पत्त्यावर फक्त छापील मजकूर, ६६ पौंडांपर्यंत. ती विमानाने जाते, तेव्हा आधी दर बघा आणि मग आपली दानत ठरवा.

जाणार असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. आधी नाव नोंदवून जा. घेतात काय आणि घेत नाहीत काय, याची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर आहे, ती बदलत असते, म्हणून गाडी भरण्याआधी वाचा. मासिकं नेऊ नका. १९८० सालचा विश्वकोशाचा संच तर नकोच, सोनेरी कडा असल्या तरी. मराठी पुस्तकं आपल्या मंडळाकडे द्या, इथे त्यांचं काही होणार नाही. पायांत पुढून बंद बूट हवेत, चपला-सँडल नकोत. साडी नको, पंजाबी ड्रेसची ओढणी घरी ठेवा. पाण्याची बाटली न्या, जॉर्जियाचा जुलै आपल्या मे महिन्याला भारी पडतो. गुडघे कुरकुरत असतील तर टेबलावरची छाननी मागून घ्या, मी तेच करते. आणि पुस्तकं द्यायला नेणार असाल तर खोकी लहान घ्या. मोठं खोकं काठोकाठ भरलं की उचलायला जावईच लागतो, आणि जावयाला दर वेळी सांगता येत नाही.