माळ्यावरचा फायरवॉल: आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात बसवला, आता मे संपत आलाय. बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर, माळ्यावर भिंतीला ६ यूचा रॅक (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप), त्यात ओपीएनसेन्स, म्हणजे घरचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणारं फायरवॉल सॉफ्टवेअर.

पहिली खरेदी फसली. जुना १ यू सर्व्हर स्वस्तात मिळाला म्हणून उचलला. एक यू म्हणजे उंची जेमतेम ४४.४५ मिलिमीटर, त्यात मावतात ४० मिलिमीटरचे पंखे, आणि एवढ्याशा पंख्याला हवा ढकलायची तर जीव तोडून फिरावं लागतं. आई म्हणाली, "वर गिरणी लावलीस का रे?" चौथ्या दिवशी परत केला. नुसता बसून ५२ वॅट खायचा, ते वेगळंच.

मग इंटेल एन१०० प्रोसेसरचा बिनपंख्याचा डबा घेतला. चार इंटेल आय२२६ नेटवर्क पोर्ट, ८ जीबी रॅम. रॅकमध्ये ट्रेवर ठेवलाय. मीटरवर ११ वॅट. माझ्या ३०० एमबीपीएसच्या लाइनला प्रोसेसर पुरून उरतो. जपून बघायची ती नेटवर्क चिप: ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं, आणि तिथे रिअलटेक कंपनीच्या चिपची कुरकुर जुनीच. सगळे आधी एईएस-एनआय, म्हणजे प्रोसेसरमधली एन्क्रिप्शनला वेग देणारी सोय, आहे का बघतात. व्हीपीएन म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी; ती ओपनव्हीपीएन किंवा आयपीसेकने केली तर त्या सोयीचा उपयोग होतो. वायरगार्ड हे व्हीपीएन मात्र चाचा२० ही वेगळी एन्क्रिप्शन पद्धत वापरतं, त्याला फरक पडत नाही.

खरा घाम व्हीपीएनने काढला. बाहेरून जोडलंच जाईना. दोन संध्याकाळी नियम तपासण्यात गेल्या, मग वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या पोर्टचा, पत्ता नीट पाहिला: १००.७२ने सुरू होणारा. म्हणजे सीजीनॅट, अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देणारी इंटरनेट कंपनीची व्यवस्था! १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा त्यासाठीच राखलेला असतो. बाहेरचा माणूस माझ्या दारापर्यंत पोचणार कसा? महिन्याला जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त माझा असा कायमचा पत्ता, घेतला. डबा घेण्याआधी हे बघा.

उत्तरायणात मांज्याने गल्लीतली फायबर कापली. दुसऱ्या पोर्टवर फोरजी राउटर होता, ऑफिसचा कॉल पाच-सात सेकंद अडखळला आणि पुढे चालू. शेजारचे दोन दिवस आमच्याकडे लॅपटॉप घेऊन बसले.

मेमध्ये मात्र बिनपंख्याची हौस फिटली. पत्र्याखालचा माळा, दुपारी डब्याला हात लावला तर चटका. तापमान ८८ अंशांवर गेलं. शेवटी रॅकच्या छताला १२० मिलिमीटरचा संथ पंखा लावला. ७१वर आलं, आवाज नाही. जानेवारीत ह्याच उबेवर आई विरजणाचं पातेलं ठेवायची. ते मी दोनदा खाली आणलं.