ओकवरच्या हिरव्या पतंगासाठी कामगंध सापळा: मोजायला छान, झाड वाचवायला नाही

इंग्लंडमधल्या आमच्या घरामागे जुना ओक आहे. गेल्या मे महिन्यात तो निम्मा बोडका झाला. खाली उभं राहिलं की पाऊस पडल्यासारखी बारीक टपटप ऐकू यायची. पाऊस कुठला, या हिरव्या पतंगाच्या अळ्यांच्या लेंड्या! पानाची सुरळी उलगडायला गेलं की आतली हिरवी अळी सटकन धाग्यावरून खाली. दोनदा तर मी केसांत घेऊन घरात आले.

म्हणून यंदा हा सापळा मागवला. कापूस-हरभऱ्यात लावतात त्या कामगंध सापळ्याचाच भाऊबंद. प्लास्टिकचा तिकोनी तंबू, तीन चिकट पत्रे, दोन रबरी ल्यूर, म्हणजे मादी पतंगाचा गंध भरलेली आमिषं. जोडायला सोपा, पण चिकट पत्र्याची कोणती बाजू वर हे कुठेच लिहिलेलं नाही. मी चुकले. बोटांचा गोंद शेवटी खोबरेल तेलाने निघाला.

पुस्तिकेत डोळ्यांच्या उंचीवर टांगा म्हणतात. तिथे आठवड्यात 9 पतंग आले. मग दोरी टाकून वरच्या फांदीवर चढवला, तर पुढच्या आठवड्यात 58. हे पतंग मुळात झाडाच्या शेंड्याकडचे, त्यामुळे उंचीचा सल्ला पुस्तिका लिहिणाऱ्याने स्वतः करून पाहिलेला नसावा. पुढचे पंख कोवळ्या पानासारखे हिरवे, मागचे राखाडी, पंख पसरले तर जेमतेम दोन सेंटिमीटर. काही तपकिरी पतंगही अडकले होते. याच जातीचा गंध आणखी काही पतंगांनाही खेचतो, तेव्हा सरसकट मोजू नका.

माझी तक्रार खोक्यावरच्या 'ओकचं संरक्षण' या शब्दांबद्दल आहे. ल्यूरला येतात ते फक्त नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि माद्या वर फांद्यांवर अंडी घालून मोकळ्या होतात. ती अंडी हिवाळाभर तशीच राहतात आणि एप्रिलमध्ये कळ्या फुटल्या की उबतात. म्हणजे जूनमध्ये सापळा लावेपर्यंत पानांचा फडशा पडून गेलेला असतो! ओकचं म्हणाल तर गेल्या वर्षी त्याला जूनअखेरीस आपोआप नवी पालवी आली होती, सापळ्याशिवायच. फवारणीचा विचार मी सोडला, कारण समोरच्या घरट्याच्या पेटीतले ब्लू टिट पक्षी पिल्लांना दिवसभर याच अळ्या भरवत होते.

यंदा पतंग किती आणि कधी उडाले हे ज्याला वहीत टिपायचंय त्याने जरूर घ्यावा. झाडाची काळजी वाटते म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा. पाचपैकी तीन तारे. त्यातला एक ल्यूरला, महिनाभर टिकला म्हणून.

दुसरा ल्यूर पुढच्या जूनसाठी फ्रीजरमध्ये आहे, मटारांच्या मागे. डबीवर 'खायचं नाही' असं लिहावं लागलं.