फॉस-टॅग अॅक्रिलामाइड: पानांच्या सॅम्पलवर कितपत चालतं?

प्रथिनाला फॉस्फेट जोडलंय की नाही, हे त्या फॉस्फेटसह प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीने कळतं. पण अरॅबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या बहुतेक प्रथिनांसाठी अशी अँटिबॉडी बाजारात मिळतच नाही. फॉस-टॅगची खरी गरज तिथे आहे. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलमध्ये मिसळलेलं हे द्रव्य मँगनीजच्या साहाय्याने फॉस्फेटला धरून ठेवतं. फॉस्फेट असलेलं प्रथिन मागे रेंगाळतं आणि साध्या अँटिबॉडीनेही दोन वेगळे बँड (पट्टे) दिसतात.

फॉस-टॅगची १० मिग्रॅची कुपी ०.१ मिली मिथेनॉलमध्ये विरघळवून पाण्याने ३.३ मिली केली की ५ मिलिमोलर साठा होतो. तो अंधारात, फ्रिजमध्ये ठेवावा. १० मिली जेलला साठा १०० मायक्रोलिटर आणि १० मिलिमोलर मँगनीज क्लोराइड तेवढंच: म्हणजे ५० मायक्रोमोलर फॉस-टॅग, मँगनीज दुप्पट. सुरुवातीला एवढं पुरे.

जेल बिघडतं ते बहुधा सॅम्पलमुळे. वनस्पतींच्या नेहमीच्या एक्स्ट्रॅक्शन बफरमध्ये ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) असतंच, आणि ते मँगनीज ओढून घेतं. बँड नागमोडी होतात. फॉस्फटेझ (फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम्स) रोखायला घातलेलं ऑर्थोव्हॅनाडेटही त्रास देतं. म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये कुटलेली पूड थेट थंड टीसीए-अॅसिटोनमध्ये (टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल) टाकलेली बरी. फॉस्फटेझ जागीच बंद पडतात, फिनॉलिक द्रव्यंही बरीचशी निघून जातात. अॅसिटोनचे वॉश मात्र उरकू नका. आम्ल उरलं तर लोडिंग बफर निळ्याचा पिवळा होतो. मग परत निळा होईपर्यंत थेंबथेंब ट्रिस घालायचं. पानात रुबिस्को (प्रकाशसंश्लेषणातलं एन्झाइम) इतकं असतं की ५५ किलोडाल्टनच्या आसपासचे बँड दबतात, तेव्हा लेनमागे १०-२० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. रिकाम्या लेनमध्येही सॅम्पल बफर भरावा, नाहीतर कडेच्या लेन वाकतात.

ट्रान्सफरआधी (म्हणजे प्रथिनं जेलमधून अँटिबॉडी लावायच्या पडद्यावर नेण्याआधी) जेल ईडीटीए घातलेल्या ट्रान्सफर बफरमध्ये दहा-दहा मिनिटं दोनदा, मग साध्या बफरमध्ये एकदा हलवायचं. हे टाळलं तर प्रथिन जेलमध्येच अडकतं आणि दोष अँटिबॉडीला जातो.

लॅम्डा फॉस्फटेझने फॉस्फेट काढून टाकलेल्या सॅम्पलचा कंट्रोल नसेल तर वरच्या बँडवर विश्वास ठेवू नका. त्यासाठी इनहिबिटर नसलेला वेगळा अर्क लागतो, टीसीएवाला चालत नाही.

किंमत झोंबते, पण साध्या जेलवरच सरक दिसणाऱ्या प्रथिनांसाठी हे घ्यायची गरजही नाही. मार्करवरून इथे वजन काढता येत नाही, आणि फॉस्फेट नेमकं कुठल्या सेरिनवर (प्रथिनातल्या एका अमिनो आम्लावर) बसलंय हे हवं असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीला पर्याय नाही.