बूट-रिपेअर: दुरुस्तीच्या बटणापेक्षा अहवाल मोलाचा

विंडोज 10 ला मिळणारा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या यंत्रांवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे आमच्या दापोली-गुहागर पट्ट्यात एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली शेजारी शेजारी ठेवणारे लोक आता ओळखीत भेटू लागले आहेत. बागायतदाराचा टॅलीतील हिशेब आणि छपाईवाल्याची श्रीलिपी विंडोजवाचून अडते, म्हणून ती प्रणाली काढून टाकता येत नाही. बँक, ईमेल आणि इंटरनेटची कामे मात्र ज्या प्रणालीला सुरक्षेचे अपडेट अजून मिळतात तिच्यावर करणे शहाणपणाचे. ही सोय ज्या दिवशी बिघडते, म्हणजे यंत्र चालू केल्यावर निवडीची यादीच दिसत नाही, त्या दिवशी बहुतेकांच्या हातात पहिले साधन येते ते बूट-रिपेअर, म्हणजे यंत्र सुरू होण्याची (बूट होण्याची) बिघडलेली व्यवस्था दुरुस्त करणारा प्रोग्रॅम. ओळखीच्यांच्या यंत्रांवर ते पुष्कळ वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

हे साधन मोफत आहे आणि मुक्त परवान्याखाली मिळते. लिनक्स मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (डिस्कवर काही न बसवता ज्यावरून प्रणाली थेट चालते त्या) ते आधीपासून असते, त्यामुळे मिंट बसवण्यासाठी केलेला पेनड्राइव्ह पुसून टाकू नये, हा माझा पहिला आग्रह. उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर ते नसते. तिथे वेगळे पीपीए (सॉफ्टवेअर मिळण्याचे बाहेरचे भांडार) जोडून इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागते, आणि ज्या घरात बिघडलेला लॅपटॉप हाच एकमेव संगणक आहे तिथे हा फरक लहान राहत नाही.

उघडल्यावर खिडकीत दोन मोठी बटणे दिसतात. एक शिफारस केलेल्या दुरुस्तीचे आणि दुसरे केवळ माहितीचा अहवाल तयार करण्याचे. बहुतेक जण पहिल्याकडे धाव घेतात. माझ्या मते या साधनाची खरी किंमत दुसऱ्यात आहे. डिस्कवर कोणते विभाग आहेत, ईएफआय विभाग (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलींचा) कोणता, त्यात विंडोजची आणि लिनक्सची सुरुवातीची फाइल जागेवर आहे का, यंत्राच्या फर्मवेअरमध्ये (चालू होताच सर्वांत आधी धावणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅममध्ये) कोणत्या नोंदी कोणत्या क्रमाने लावल्या आहेत, हे सारे त्या अहवालात एका जागी मिळते. डॉक्टरने औषध लिहिण्याआधी रक्त तपासून घ्यावे, तसा हा अहवाल आधी वाचावा. तो लांबलचक आणि इंग्रजीत असतो, हे खरे. पण त्यातील फर्मवेअरच्या नोंदींचा भाग आणि ईएफआय फाइलींची यादी एवढे दोन तुकडे समजले तरी निम्म्याहून अधिक शंका मिटतात. अहवाल इंटरनेटवर चढवायचा की नाही याचा पर्याय असतो. त्यात खासगी फाइलींचा मजकूर जात नाही, तरी यंत्राची सगळी मांडणी जाते, म्हणून मदत मागायची नसेल तर तो आपल्याच पेनड्राइव्हवर ठेवावा.

अहवाल आधी का वाचायचा, याचे कारण असे की अनेकदा काहीही मोडलेले नसते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर फर्मवेअरमधील क्रम बदलतो, विंडोजची नोंद वर जाते आणि यंत्र थेट तिच्यातच सुरू होते. लिनक्सची फाइल आपल्या जागी सुखरूप असते. यंत्र चालू करताना डेल किंवा लेनोव्होवर एफ12 आणि एचपीवर एफ9 दाबून बूटची यादी उघडावी आणि त्यातून लिनक्स सुरू होते का ते पाहावे. सुरू झाले तर दुरुस्तीची गरज नाही, फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलला की पुरे. इथे एक गोष्ट अनेकांना चकवते: मिंट आपली नोंद ‘उबंटू’ या नावानेच करते, त्यामुळे यादीत मिंट शोधणाऱ्याला आपली प्रणाली पुसली गेली असे वाटते.

शिफारस केलेली दुरुस्ती जिथे खरोखर कामाला येते तो बिघाड वेगळा आहे. विंडोजमध्ये बसून कोणी विभाग काढला किंवा त्यांची रचना बदलली, ग्रबला, म्हणजे निवडीची यादी दाखवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅमला, आपल्या फाइली सापडेनाशा झाल्या आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच उरले, तर हे साधन ग्रब पुन्हा बसवते, यादी नव्याने बांधते आणि टर्मिनलची एकही आज्ञा माहीत नसलेल्या माणसाला मार्ग मोकळा करून देते. या कामात त्याला मी पूर्ण गुण देईन. विंडोजचे नाव तेवढे यादीतून गेले असेल तर कारण बहुधा साधे असते: ग्रब 2.06 पासून दुसऱ्या प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मूळ रूपात बंद ठेवला जातो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत तो चालू करून यादी नव्याने तयार केली की विंडोज परत दिसू लागते, आणि एवढ्यासाठी पेनड्राइव्हही लागत नाही.

सर्वांत मोठा धोका पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने सुरू केला यात आहे. यंत्रातील दोन्ही प्रणाली यूईएफआय या नव्या फर्मवेअर-पद्धतीच्या असताना पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झाला, तर दुरुस्तीही जुन्या पद्धतीची होण्याचा संभव असतो आणि मूळ गुंता कायम राहून त्यात नव्याची भर पडते. बूट-रिपेअर याबद्दल सूचना दाखवते, पण ती इंग्रजीतील लांब वाक्यांची असल्याने घाईतला माणूस न वाचताच पुढे जातो. बूटच्या यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत असेल, तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिले आहे तोच निवडावा.

प्रगत पर्यायांचा भाग मला खटकतो, कारण धोक्याचे आणि निरुपद्रवी पर्याय तिथे एकाच रांगेत मांडले आहेत. ग्रब पूर्ण काढून पुन्हा बसवण्याचा पर्याय आधी जुने पॅकेज काढतो आणि मग नवे इंटरनेटवरून आणतो. डोंगराआडच्या वाडीत, जिथे मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात असते आणि जूननंतर वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर लाइट जाते, तिथे हे काम मध्येच तुटणे म्हणजे असलेले ग्रबही गमावणे होय. अहवालात स्पष्ट कारण दिसत नसेल तर या पर्यायाला हात लावू नये. लावायचाच असेल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा. इंटरनेटसाठी मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडणे सर्वांत खात्रीचे, कारण काही वाय-फाय चिपचे ड्रायव्हर लाइव्ह प्रणालीत नसतात. विंडोजच्या ईएफआय फाइलींची नावे बदलण्याचा पर्याय काही हट्टी फर्मवेअरसाठी ठेवलेला आहे. सामान्य वापरकर्त्याने त्याची खूण कोरीच ठेवावी.

आता हे साधन जिथे पुरत नाही त्याविषयी. विंडोजची स्वतःची सुरुवातीची फाइल बिघडली असेल, तर विंडोजचाच इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह आणि त्यातील बीसीडीबूट ही आज्ञा लागते. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटने सिक्युअर बूटचे (फक्त विश्वासू सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या व्यवस्थेचे) एसबॅट नावाचे, जुन्या असुरक्षित बूट-फाइली नाकारणारे धोरण बदलले, आणि दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना ते लागू होणार नाही असे सांगितले गेले असतानाही अनेकांचे लिनक्स ‘काहीतरी गंभीर चुकले आहे’ अशा अर्थाचा संदेश देऊन अडले. अशा वेळी जुने लाइव्ह पेनड्राइव्हही त्याच कारणाने नाकारले जातात, मग बूट-रिपेअरपर्यंत पोहोचायचे कसे? सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये शिरून, मॉक-यूटिल या आज्ञेने ते धोरण पुसून, यंत्र पुन्हा एकदा लिनक्समध्ये चालू करून मग सिक्युअर बूट परत चालू करणे, हाच तेव्हाचा उपाय होता. अशी कोणतीही छेडछाड करण्याआधी विंडोजचा विभाग बिटलॉकर या विंडोजच्या सांकेतिक कुलपाने बंद आहे का ते पाहावे. असल्यास विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती त्याच बंद लॅपटॉपमध्ये साठवून ठेवलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही.

बूट-रिपेअरच्या कक्षेबाहेरच्या पण दुरुस्तीनंतर हमखास पुढे येणाऱ्या दोन तक्रारी आहेत. लिनक्समधून विंडोजच्या विभागात फाइल लिहिता येत नसेल, तर विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते. दुसरी घड्याळाची: लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, म्हणून विंडोजचे घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडते. आंब्याच्या हंगामात पहाटे पेट्या भरताना संगणकाच्या तारखेवरून केलेली नोंद त्यामुळे आदल्या दिवसाची होऊ शकते. लिनक्सला यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगणारी टाइमडेटसीटीएलची एक आज्ञा दिली की दोन्ही प्रणालींची वेळ जुळते.